वाढदिवसाची सहल आणि मधुमेह

पत्नीचा किंवा पतीचा वाढदिवस घरात केक कापून करण्यापेक्षा नळदुर्गला जाऊन करावा, या मताचा मी आहे. सोलापूरहून तासाभराचा रस्ता, बोरी नदीवरचा पाणीमहाल, किल्ल्यातली चढउतार आणि मुलांबरोबर लंगडी, संगीत खुर्ची. मात्र जोडीदार इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेत असेल तर भान ठेवावे.

माझ्या एका रुग्ण बाईंनी सकाळी नेहमीइतके इन्सुलिन घेतले, न्याहारी जेमतेम केली आणि ‘आधी खेळ, मग जेवण’ यात दोन वाजले. खेळताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. इन्सुलिनचे काम चालूच असते. बाईंना घाम फुटला, हात कापू लागले, त्या तोडून बोलू लागल्या. यजमानांना वाटले, वाढदिवशीच रुसवा! साखर ७० मि.ग्रॅ.च्या खाली गेली की माणूस असा चिडतो. मुलीने सरबत पाजले म्हणून निभावले.

अशा वेळी शेंगाचटणी-भाकरी किंवा पेढा आधी देऊ नये. त्यातल्या तेलातुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी, नंतर जेवण. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

खेळाचा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. म्हणून घरी परतल्यावर, झोपण्यापूर्वी एकदा साखर तपासावी.