तापलेल्या कॉलममध्ये औषध जळत नाही

मालेगाव, सटाणा, देवळा, कळवण या कसमादे पट्ट्यातल्या डाळिंब-द्राक्ष बागायतदारांना रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळातल्या औषधांच्या अवशेषांचा अहवाल, नवा नाही. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा या कागदाची किंमत सगळ्यांनाच कळली. तो कागद ज्या यंत्रावर तयार होतो, त्या लिक्विड क्रोमॅटोग्राफीबद्दल मात्र गैरसमज बरेच आहेत.

गैरसमज : यंत्र तापवले की औषध जळते आणि रिपोर्ट स्वच्छ येतो.

ही शंका गॅस क्रोमॅटोग्राफीवरून आली असावी. तिथे नमुन्याची वाफ करावी लागते, इंजेक्टर 250 अंशांच्या आसपास असतो आणि कार्बारिलसारखी कार्बामेट गटातील कीटकनाशके त्यात मोडू शकतात. म्हणूनच अशी औषधे द्रवात विरघळवून लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर तपासतात. तिथे कॉलम, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करणारी नळी, साधारण 40 अंशांवर असतो. शिवाय प्रयोगशाळा स्वच्छ फळात ठरावीक औषध मिसळून ते किती परत मिळते हे तपासते. 70 ते 120 टक्के ही मान्य मर्यादा आहे. औषध वाटेत नष्ट होत असेल, तर ते इथेच उघडे पडते.

गैरसमज : 100 अंशांपुढे पाणी उकळणार, म्हणजे कॉलम त्याहून गरम करताच येत नाही.

प्रेशर कुकरमध्ये पाणी 100 अंशांपुढे जाऊनही द्रवच राहते, तसेच इथे घडते. 200 अंशांवर पाणी द्रव ठेवायला वातावरणाच्या सुमारे 15 पट दाब पुरतो. पंप शेकडो पट दाब देतात, फक्त कॉलमच्या पुढेही दाब टिकवावा लागतो. 25 वरून 100 अंशांवर जाताना पाण्याचा दाटपणा एक तृतीयांशाच्याही खाली येतो, त्यामुळे प्रवाह वाढवता येतो आणि तपासणी लवकर उरकते. 200 अंशांचे पाणी तर बऱ्याच अंशी मिथेनॉल या द्रावकासारखे वागते. अॅसिटोनायट्राइल या विषारी द्रावकाचा वापर त्यामुळे कमी करता येतो, हा मला सर्वांत मोलाचा फायदा वाटतो. 2008-09 मध्ये जगभर याच द्रावकाचा तुटवडा झाला होता.

गैरसमज : जितके गरम तितके चांगले.

नाही. सिलिकाचे नेहमीचे कॉलम साधारण 60 अंशांपुढे लवकर खराब होतात. त्यापुढे झिर्कोनिया किंवा ग्राफाइट कार्बनचे लागतात. द्रव आधी तापवून घेतला नाही, तर यंत्राच्या आलेखात प्रत्येक घटकाचे जे शिखर दिसते, ते पसरते. तापमानाबरोबर घटक बाहेर पडण्याचा क्रमही बदलू शकतो.

तेव्हा रिपोर्ट हाती आला की कॉलमच्या उष्णतेची काळजी सोडा. कोणकोणती औषधे तपासली आणि किती कमी प्रमाणापर्यंत मोजली, हे आधी पाहा. जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तिथे युरोपात किलोला 0.01 मिलिग्रॅम हाच निकष लागतो.