शिधापत्रिकेंतील नांव

आजाऱ्यास इस्पितळांत न्यावयाची पाळी आली म्हणजे आमचा संगमेश्वरचा शेतकरी आधीं बैल विकतो. शिधापत्रिका त्यास मागाहून आठवते. महात्मा फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांस लागू करून कुटुंबामागें वार्षिक मर्यादा ५ लक्ष रुपये करण्याचा निर्णय सरकारनें २०२३ सालीं घेतला. परंतु त्या पत्रिकेंत नांव पाहिजे. तृतीयपंथी मूल घराबाहेर पडलें कीं त्याचें नांव कमी करावयास देवरुखची कचेरी गांठणारे कर्ते पुरुष आम्ही पाहतों! २०१९ च्या कायद्यानें अशा व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्याचें प्रमाणपत्र मिळण्याची सोय झाली, व तें असणारांस ‘आयुष्मान भारत’मध्यें घेण्याचें केंद्र सरकारनें २०२२ सालीं ठरविलें. तथापि प्रमाणपत्र हातीं येईतों दुखणें थांबत नाहीं. पुढच्या खेपेस देवरुखास जाल तेव्हां पत्रिकेंतील व आधारपत्रांतील नांवें जुळतात कीं नाहीं, तेवढें पाहून घ्यावें. नांव कमी करण्याचा अर्ज घरींच राहूं द्यावा.