पेताह तिक्वाचे मैदान आणि आम्ही म्हातारी मंडळी



तेल-अवीवच्या पूर्वेला सुमारे 10 किलोमीटरवर आमचे पेताह तिक्वा. 1878 साली यरुशलेमहून आलेल्या यहुदी मंडळींनी ते वसवले. यार्कोनकाठची दलदल आणि मलेरिया यांमुळे त्यांना एकदा गाव सोडावे लागले, पण ती परत आली. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकातून घेतलेल्या ह्या नावाचा अर्थ 'आशेचे दार'. गावाला सगळ्या मोशावांची आई म्हणतात, म्हणून फुटबॉलच्या मैदानाचे नावही 'हामोशावा'.

हे मैदान 2011 च्या डिसेंबरात सुरू झाले. 11,500 माणसे बसतात. 2013 साली युरोपच्या 21 वर्षांखालील स्पर्धेचे सामने येथे झाले. गंमत म्हणजे गावातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी, मक्काबी आणि हापोएल, दोघांचे घर हेच! हापोएलने 1959 ते 1963 लागोपाठ पाच वेळा लीग जिंकली. त्यांची जुनी मंडळी अजून तेच सांगत बसतात. मक्काबी 1912 ची. त्यांनी 2024 मध्ये चषक जिंकला, तो 1952 नंतर प्रथमच, म्हणजे तब्बल 72 वर्षांनी.

मैदान आहे किर्यात आर्येमध्ये. आजूबाजूला कारखाने, कंपन्यांची ऑफिसे. आगगाडीचे स्टेशन जवळ, आणि ऑगस्ट 2023 पासून लाल मार्गाची लाईट रेलही आली. मग अडचण कसली? पुष्कळ सामने शनिवारी, आणि शब्बाथला दोन्ही गाड्या बंद. ज्यांच्याकडे मोटार नाही, आणि जे शब्बाथ पाळतात, ते घरीच टीव्हीसमोर.

आम्ही नर्सांनी आयुष्यभर म्हातारी माणसे पाहिली. गुडघे दुखतात हे खरे, पण घरात एकटे बसून माणूस लवकर खचतो. मैदानावर मात्र नातू हिब्रूत ओरडतो, आजोबा मराठीत, आणि दोघांना एकमेकांचे कळते!

म्हणून तरुणांना आमची विनंती. आठवड्यातल्या दिवशी सामना असेल, तेव्हा आजी-आजोबांचे तिकीट काढा आणि त्यांना बरोबर न्या. खालच्या रांगेतली जागा घ्या, पायऱ्या कमी पडतात. पाण्याची बाटली, टोपी आणि वेळेच्या गोळ्या बरोबर ठेवा. गर्दी ओसरल्यावरच उठा. कोण जिंकले ते आजोबा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करून सांगतीलच.