लेपर्ड गेकोची अडकलेली कात

पिवळसर अंगावर काळे ठिपके असलेला, भिंतीवर न चढता जमिनीवरच वावरणारा लेपर्ड गेको हा पालीचा दूरचा नातेवाईक आज अमेरिका आणि युरोपमधील घरांत मोठ्या प्रमाणावर पाळला जाणारा सरपटणारा प्राणी असून, त्याच्या पालनात वारंवार उद्भवणारी तक्रार म्हणजे कात पूर्ण न उतरणे ही होय. पाळणारे या तक्रारीकडे बहुधा त्वचेचा किरकोळ दोष म्हणून पाहतात आणि चिमटा हाती घेतात. वस्तुतः अडकलेली कात ही अनेकदा त्या प्राण्याच्या निवाऱ्यात, आहारात किंवा प्रकृतीत काही बिघडल्याची खूण असते, आणि म्हणून तिच्यावरील उपाय पेटीतली हवा तपासण्यापासून सुरू करावा लागतो.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे तत्कालीन अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 मध्ये केले. युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्राण्याचे मूळ वसतिस्थान अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील खडकाळ, विरळ गवताच्या कोरड्या टेकड्यांत आहे. त्याच प्रजातीतील युब्लेफॅरिस फस्कस ही जात गुजरात आणि महाराष्ट्रात आढळते, तर सातपुड्याच्या रांगांतून आणखी एका जातीचे वर्णन 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या या जाती रानातल्या आहेत आणि त्या रानातच राहिल्या पाहिजेत. प्रस्तुत विवेचन पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात पैदास झालेल्या पाळीव प्राण्यापुरते मर्यादित आहे.

कोरड्या प्रदेशातून आल्यामुळे या प्राण्यावर ‘वाळवंटी’ असा शिक्का बसला आणि त्याच्या पालनातील बऱ्याच चुका या शिक्क्यातून निघाल्या आहेत. लेपर्ड गेको दिवसाचे तळपते ऊन अंगावर घेत बसत नाही. तो दगडांखालच्या फटींत आणि बिळांत दडून राहतो, जेथे मातीतला ओलावा टिकून असल्याने हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते, आणि अंधार पडू लागल्यावरच तो बाहेर पडतो. काचेच्या पेटीत त्याला कोरडी जमीन आणि वरून उष्णता मिळते. बिळातला दमटपणा मात्र, मुद्दाम पुरवला नाही तर, मिळत नाही.

कात टाकण्याची क्रिया समजून घेतल्यास या दमटपणाचे महत्त्व ध्यानात येते. माणसाच्या त्वचेवरील मृत पेशी सूक्ष्म कणांच्या रूपाने सतत झडत असतात, तर सरडे आणि सापांच्या बाह्यत्वचेचा, म्हणजे केराटिन या कठीण प्रथिनाने बनलेल्या बाहेरच्या आवरणाचा, संपूर्ण थर ठरावीक काळाने एकत्रितपणे बदलला जातो. जुन्या थराखाली नवा थर आधी पूर्ण तयार होतो, काही काळ दोन्ही थर एकावर एक असतात, आणि मग त्यांच्यामधील पेशींची जोडणी सुटून, त्या फटीत शरीरातील द्रव झिरपून जुना थर मोकळा होतो. नव्या थराच्या पृष्ठभागावर तयार होणारे अतिसूक्ष्म काट्यांसारखे उंचवटेही या विलगीकरणाला हातभार लावतात. शरीरात पाण्याची कमतरता असेल किंवा भोवतालची हवा फार कोरडी असेल, तर जुना थर सुटण्याआधीच वाळून आक्रसतो आणि त्याचे तुकडे अंगाला चिकटून राहतात.

निरोगी गेकोमध्ये हा सारा प्रकार सुटसुटीत असतो. एकदोन दिवस आधी रंग फिका पडतो, अंगावर पांढुरकी झाक येते, भूक थोडी मंदावते. मग प्राणी खडबडीत दगडावर तोंड घासून ओठांजवळची कात फाडतो, तोंडाने ती ओढत अंगावरून उतरवतो आणि बहुतेक वेळा खाऊनही टाकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या या सवयीची दखल बस्टर्ड व मॅडरसन या संशोधकांनी 1965 मध्येच घेतली होती. तिचे कारण वाया जाणारी प्रथिने परत मिळवणे हे असावे, असा एक तर्क आहे. व्यवहारात याचा अर्थ इतकाच की पेटीत कात सापडली नाही म्हणून घाबरण्याचे कारण नसते. वाढत्या वयाची पिल्ले एकदोन आठवड्यांनी कात टाकतात, प्रौढ प्राणी साधारणपणे चार ते आठ आठवड्यांनी. अंग पांढुरके झाले आहे पण कात अद्याप फाटलेली नाही, या अवस्थेत प्राण्याला हात लावणे कटाक्षाने टाळावे, कारण खालचा थर तयार नसताना वरचा ओढला तर जिवंत त्वचा फाटते.

आता पेटीतल्या हवेविषयी. पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी तुलनेने थंड असावी लागते. उबदार बाजूला पृष्ठभागाचे तापमान 32 ते 34 अंश सेल्सिअस आणि थंड बाजूला हवेचे तापमान 24 ते 26 अंशांच्या आसपास राहिले, तर प्राणी आपल्या गरजेनुसार जागा बदलतो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरलेल्या मर्यादेत राखणारे उपकरण, न जोडता तापपट्टी वापरल्यास पोट भाजण्याचा धोका असतोच, शिवाय हवाही नको तितकी कोरडी होते. पेटीतील एकंदर सापेक्ष आर्द्रता, अर्थात त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, 30 ते 40 टक्के असणे सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. परंतु त्याबरोबरच 70 ते 80 टक्के आर्द्रतेची एक छोटी बंदिस्त जागा अत्यावश्यक असते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला कडा घासून गुळगुळीत केलेले एक भोक पाडावे, आत ओले करून पिळलेले स्फॅग्नम शेवाळ किंवा पेपर टॉवेल पसरावा आणि हा डबा पेटीच्या उबदार बाजूकडे ठेवावा, म्हणजे गारठा न होता वाफ धरली जाते. आतली सामग्री ओलसर हवी, चिंब नको, आणि बुरशी धरण्याआधीच ती बदलायला हवी. कात सुटावी म्हणून बाजारात मिळणाऱ्या महागड्या द्रवांपेक्षा हा बिनखर्चाचा डबा अधिक उपयोगी ठरतो.

अर्थात कोणतेही प्रमाण स्थळकाळ पाहूनच लागू करावे. न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या मराठी घरात हिवाळ्यात बाहेरची थंड हवा आत घेऊन तापवली जाते, तेव्हा तिची सापेक्ष आर्द्रता झपाट्याने खाली येते आणि उन्हाळ्यात सुखाने कात टाकणारा प्राणी जानेवारीत अडकतो. उलटपक्षी मुंबईसारख्या किनारपट्टीच्या शहरात पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. तेथे अमेरिकी पुस्तकातील सूचना वाचून पेटीत पुन्हा पाणी फवारणे म्हणजे त्वचेच्या आणि श्वसनमार्गाच्या संसर्गाला निमंत्रण देणे होय. म्हणून अंदाजावर न विसंबता डिजिटल आर्द्रतामापक वापरणे इष्ट. काचेवर चिकटवायच्या स्वस्त तबकडीच्या मापकांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

कात सर्वांत जास्त अडकते ती पायांच्या बोटांवर. तेथे राहिलेला तुकडा वाळून आकुंचन पावतो आणि बोटाला करकचून बांधलेल्या दोऱ्यासारखा आवळला जातो. पुढच्या वेळची कातही तेथेच अडकून थरावर थर चढतात, रक्तपुरवठा तुटतो, बोट सुजते, काळे पडते आणि अखेर गळून जाते. गमावलेली शेपटी या प्राण्याला पुन्हा येते, बोट मात्र येत नाही. शेपटीचे टोक, कानाची छिद्रे आणि नरांमध्ये मागच्या पायांच्या मध्यावरील छिद्रांची रांग याही पाहण्याच्या जागा आहेत. प्रत्येक कातीनंतर विजेरीच्या उजेडात सगळी बोटे तपासण्याची सवय पाळणाऱ्याने लावून घेतली, तर पुढचे बहुतेक अनर्थ टळतात.

डोळ्यांचा प्रश्न निराळा आणि अधिक नाजूक आहे. बहुतेक गेकोंना पापण्या नसतात, त्यांचा डोळा पारदर्शक आवरणाने कायमचा झाकलेला असतो. लेपर्ड गेकोच्या कुळाला मात्र हलणाऱ्या पापण्या आहेत. त्यामुळे कातीचे तुकडे पापणीच्या आत साचून राहू शकतात. डोळा मिटलेला किंवा फुगलेला दिसतो, पापणीखाली पांढरट गोळा जाणवतो, आणि भक्ष्य दिसेनासे झाल्याने प्राणी खाणे सोडतो. अशा वेळी निर्जंतुक सलाइनचे थेंब घालून डोळा ओला करणे एवढेच घरी करावे. चिमटा डोळ्याजवळ नेऊ नये आणि माणसांसाठीचे स्टेरॉइडयुक्त थेंब तर मुळीच घालू नयेत, कारण बुबुळाला जखम असल्यास ती त्यांनी चिघळते. एकदोन दिवसांत डोळा उघडला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जाणे हाच मार्ग उरतो.

बोटांवरची कात घरी काढता येते, फक्त त्यासाठी चिकाटी लागते. हवेसाठी छिद्रे असलेल्या डब्यात सुमारे 28 ते 30 अंश तापमानाच्या पाण्यात भिजवलेला पेपर टॉवेल अंथरून प्राण्याला 15 ते 20 मिनिटे त्यात ठेवावे. पाणी साचलेले असेल तर ते त्याच्या पोटाला जेमतेम लागेल इतकेच असावे आणि लक्ष क्षणभरही हलू नये. त्यानंतर ओल्या कॉटन बडने बोटाच्या मुळाकडून टोकाकडे हलकेच लोळवत न्यावे. कात सैल झाली असेल तर ती मोज्यासारखी निघून येते. नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उपक्रम करावा. कोरडी कात ओढणे, नखाने खरवडणे किंवा प्राण्याला शेपटीला धरणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध समजाव्यात, कारण घाबरलेला गेको शेपटी तोडून टाकतो आणि तीत साठवलेल्या चरबीलाही मुकतो.

सर्व व्यवस्था चोख असूनही कात पुनःपुन्हा अडकत असेल, तर आहाराकडे वळावे. रातकिडे आणि मीलवर्म अळ्या यांत जीवनसत्त्व ‘अ’ कमी असते आणि त्याच्या अभावी त्वचेचे व डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचे अस्तर जाड व कोरडे होते. म्हणून कीटकांना आधी पौष्टिक खाद्य देणे, तसेच त्यांवर कॅल्शियम आणि अधूनमधून बहुजीवनसत्त्वांची पूड भुरभुरणे आवश्यक ठरते. परंतु ‘अ’ जीवनसत्त्व चरबीत विरघळणारे असल्यामुळे शरीरात साठत जाते आणि अतिरेक झाल्यास त्वचा सोलून निघते, असे विशेषतः कासवांमध्ये नीट नोंदले गेले आहे. कात अडकण्यावरील औषध म्हणून जीवनसत्त्वाचा भडिमार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

उरतात ते आजार. अंगावरील गोचिडीसारखे सूक्ष्म परजीवी, जुन्या जखमांचे व्रण, जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग यांमुळे कात ठरावीक जागीच अडकते. त्याउलट कात सर्वांगावर अडकत असून शेपटी काडीसारखी बारीक होत चालली असेल, तर आतड्यात राहणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीचा संशय घेऊन विष्ठेची तपासणी करवावी लागते. हा संसर्ग एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जातो, त्यामुळे निदान होईपर्यंत त्याची भांडी आणि पेटी इतरांपासून वेगळी ठेवणे भाग असते. पशुवैद्याकडे जाताना मागील काही कातींच्या तारखा, दर पंधरवड्याचे वजन आणि पेटीच्या दोन्ही टोकांचे तापमान व आर्द्रता लिहून न्यावी, कारण तपासणीच्या टेबलावर ठेवलेल्या प्राण्यावरून यांपैकी काहीच कळत नाही आणि निदान मात्र बरेचसे त्यांच्यावरच अवलंबून असते.