भरलेलं धरण, हलकं जाळं

उमरेडहून भिवापूरच्या रस्त्याला लागलं की कोळशाच्या खाणींचे मातीचे डोंगर मागे पडतात आणि मिरचीचा मुलूख सुरू होतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे या गावाचं नाव आता दूरवर गेलं आहे. भिवापूरहून पवनीचा रस्ता धरला की वैनगंगेवरची लांबच लांब भिंत गाठायला फार वेळ लागत नाही. सरकारदरबारी या जलाशयाचं नाव इंदिरासागर, लोकांच्या तोंडी मात्र गोसीखुर्द. भिंतीची लांबी अकरा किलोमीटरहून जास्त आणि दरवाजे ३३. पावसाळ्यात दरवाजे उघडले की आजूबाजूच्या जिल्ह्यांतून माणसं पाणी बघायला लोटतात.

आलेला माणूस फोटो काढतो, भजी खातो, परततो. त्या पाण्यात मासळी किती आहे आणि तिच्यावर किती घरांच्या चुली पेटतात, हे त्याला कुणी सांगत नाही. विदर्भातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी हा एक. पण इथली मासेमारी अजून धड उभी राहिलेली नाही. एवढं पाणी असताना जाळं हलकं का येतं, हे समजून घ्यायचं तर आधी नदीकडे जायला हवं.

नदी होती तेव्हा

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करत वर्धेला मिळते. तिथून तिचं नाव प्राणहिता आणि पुढे सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. कुही तालुक्यातलं आंभोरा हे तिच्या वाटेवरचं जुनं तीर्थ. कन्हान, आंब अशा नद्या इथे तिला भेटतात, म्हणून पंचनद्यांचा संगम अशी त्याची ख्याती. उमरेडकडून येणारं आंब नदीचं पाणी शेवटी इथेच पोचतं. कवी मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० मध्ये इथेच रचला, अशी या भागातली परंपरा आहे. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून आता समोर केबलवर तोललेला नवा पूल दिसतो आणि त्याखाली धरणाचं फुगलेलं पाणी.

खाली पवनी. जुना किल्ला, घाट आणि देवळांचं गाव. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं आणि एक मोठा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. या काठावर दोन हजार वर्षांहून जास्त काळ माणूस नांदतो आहे, त्याचा हा पुरावा. इतकी वर्षं माणूस नदीकाठी टिकतो तो नदीने पोसलं म्हणून, आणि पोसण्यात मासळीचा वाटा मोठा होता.

तो वाटा पाण्यातून बाहेर काढणारा समाज म्हणजे ढीवर. डोंगा, फेकजाळं, गरी, बांबूच्या कामट्यांचे सापळे ही त्यांची अवजारं. पुरुष मासे धरतात. बायका टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव विकतात, मासळी वाळवतात, बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, शिंगाडा लावतात. पाणी कुठे खोल, कुठे खडक, कोणत्या नाल्याच्या तोंडाशी पहिल्या पावसात मासा चढतो, हे त्यांना पाठ असतं. चढणीचे मासे म्हणजे पोटात अंडी घेऊन उथळ, ताज्या पाण्याकडे निघालेली मादी आणि तिच्यामागे नर. नदीचं सगळं वर्ष त्या थोड्या दिवसांवर उभं असतं.

धरण आलं

गोसीखुर्दला प्रशासकीय मंजुरी मिळाली १९८३ मध्ये, तेव्हाचा खर्च ३७२ कोटी रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि खर्चाचा आकडा पुढे अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचं उद्दिष्ट आहे. मोखाबर्डीसारख्या उपसा योजनांमधून या बाजूच्या तालुक्यांच्या शेतालाही पाणी मिळायचं आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला त्या पाण्याचं मोल सांगावं लागत नाही, आणि ते पाणी त्याला मिळालंच पाहिजे.

पण बुडीत क्षेत्रात नव्वदहून जास्त गावं आली. शेत गेलं त्याला शेताचा मोबदला, घर गेलं त्याला घराचा. ढिवराची नदी गेली. तिचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोहावर घर चाललं तो डोह मोबदल्याच्या कुठल्याच रकान्यात बसला नाही. जलाशयातल्या मासेमारीवर पहिला हक्क प्रकल्पग्रस्त मासेमारांचा असावा, ही मागणी त्यामुळेच इतकी जुनी आणि इतकी चिवट आहे.

जाळं वर येतं तेव्हा

नदीत मासा धरणं आणि जलाशयात मासा धरणं ही दोन वेगळी कामं आहेत. नदीचा डोह माणसाच्या ओळखीचा असतो; जलाशयात पाणी मैलोगणती पसरतं आणि मासा कुठेही असू शकतो. बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांत जाळं अडकून फाटतं. वारा सुटला की लाट उठते आणि छोट्या डोंग्यात उभं राहणं जिवावर येतं.

संध्याकाळी लावलेलं जाळं पहाटे ओढायचं. जाळ्याच्या आसात माना अडकवून मासे वर येतात, आणि ते कोणते मासे आहेत यावरून जलाशयाची तब्येत कळते. कतला, रोहू, मृगळ आले तर बाजारात भाव आहे. शिंगाडा नावाचा मासा, मरळ, वाम आली तर त्याहून चांगलं, कारण हे इथले जुने मासे. चवीला जाणकार गिऱ्हाईक त्यांनाच मागतो. पण जाळं तळहाताएवढ्या चिलापीनेच भरलं तर ढिवराचा चेहरा पडतो. पाठीचे काटे सांभाळत एकेक मासा सोडवायचा, तास घालवायचा आणि हातात पैसा थोडा.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे तिची पिल्लं जगतात. लहान वयातच ती विते, वर्षातून अनेकदा विते. शेतात गाजरगवत माजावं तशी ती पाण्यात माजते. गर्दी झाली की तिची स्वतःची वाढ खुंटते आणि दुसऱ्यांचं खाणं-जागाही जाते.

कतला-रोहूची गोष्ट उलट आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुल इथे पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज मत्स्यबीज केंद्रात जिरे, म्हणजे माशांची इवली पिल्लं, तयार होतं आणि तलावात सोडता येतं. १० जुलै हा त्या यशाचा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मात्र एवढ्या मोठ्या जलाशयात नखाएवढं पिल्लू सोडलं तर ते मोठ्या माशांच्या पोटात जातं. इथे बोटभर वाढलेली, तग धरणारी बोटुकली सोडावी लागते, आणि ती वाढवायला काठावर संगोपन तळी लागतात. बी सोडल्याची नोंद कागदावर होते. जगलं किती, हे मोजलं जायला हवं. शिवाय पुरात ३३ दरवाजे उघडले की पाण्याबरोबर मासाही खाली जातो.

झिंग्याचा प्रवास

वैनगंगेचा झिंगा या भागात नावाजलेला. ताजा असो की वाळवलेला, भाजीत चार पडले तरी घरभर वास सुटतो. पण नदीतल्या मोठ्या झिंग्याचं जगणं फार लांबलचक आहे. पिल्लं वाढायला खाऱ्याची झाक असलेलं पाणी लागतं. म्हणून वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी अशी वाट थेट समुद्राच्या तोंडापर्यंत मोकळी असावी लागते. अंड्यांची मादी खाली जाणार, वाढलेली पिल्लं उलट्या प्रवाहाने वर येणार. या वाटेवर धरणं आणि बंधारे उभे राहिले. पाण्याला दरवाजे आहेत, झिंग्याला वर चढायला वाट नाही.

हे एकट्या वैनगंगेचं दुखणं नाही. १९७५ मध्ये गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाला आणि वरच्या गंगेत समुद्रातून येणारी हिलसा पार रोडावली. नदीच्या एका ठिकाणी घातलेली भिंत शेकडो कोस वरच्या ताटातला घास हिरावते, हे देशाने तेव्हाच पाहिलं आहे.

नागपूरचं सांडपाणी

आता सर्वांत कडू भाग. नाग नदी नागपूर शहरातून वाहते, शहराचं सांडपाणी पोटात घेते, कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. म्हणजे नागपुरात नाल्यात गेलेलं पाणी शेवटी गोसीखुर्दच्या फुगवट्यात येऊन थांबतं. वाहत्या नदीला थोडीफार घाण पचवता येते. थांबलेल्या पाण्यात ती साचते. तिच्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन जलपर्णी फोफावते. हिरवा गालिचा लांबून छान दिसतो, पण त्याच्याखाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, आणि पर्णी कुजली की उरलेला प्राणवायूही जातो. डोंगा पुढे सरकत नाही, जाळं टाकता येत नाही. मासा जगला तरी त्याला वास येतो, आणि गिऱ्हाईकाने एकदा नाक मुरडलं की टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईचा दिवस वाया जातो.

नाग नदी शुद्ध करण्यासाठी सुमारे दोन हजार कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं काही पाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातंही. हे काम पूर्ण होणं ही नागपूरच्या शोभेची बाब समजली जाते. खरं तर ती कुही, भिवापूर, पवनीच्या काठावरच्या माणसाच्या पोटाची बाब आहे. प्रकल्प किती झाला हे नागपुरातल्या पुलांवरून मोजू नये, आंभोऱ्याच्या पाण्यावरून मोजावं.

उपाय जवळच आहे

अशा पाण्याला पुन्हा मासळी धरू शकते का? धरू शकते, आणि उदाहरण परक्या मुलखातलं शोधायला नको. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव इथे हजारोंनी आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवरांच्या सहकारी संस्था आणि मनीष राजनकर यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी मिळून असे काही तलाव पुन्हा जिवंत केले. त्यांनी आधी बेशरमाची झुडपं उपटली. मग उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरून पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती लावल्या. त्या वनस्पतींत मासा अंडी घालतो, पिल्लं लपतात, कीटक वाढतात. देशी मासे परतले, त्यांच्यामागे पाणपक्षी आले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांकडेच होतं. त्यांना विचारलं गेलं, एवढाच फरक.

गोसीखुर्द त्या तलावांहून कितीतरी मोठं आहे, हे खरं. पण त्याचे उथळ काठ, नाल्यांची तोंडं, फुगवट्याच्या खाड्या ही मासळीची बाळंतघरं आहेत. तिथून सुरुवात होऊ शकते. चढणीच्या दिवसांत त्या जागांवर जाळं बंद, बारीक आसाच्या जाळ्यांना मनाई, आणि त्या काळात मासेमार कुटुंबाला हातभार. समुद्रावर पावसाळी बंदी पाळली जाते. गोड्या पाण्यातल्या माशालाही तेवढी उसंत मिळायला हवी.

पैशाची सोय कशी करावी, याचा एक धडा अमेरिकेकडून घेण्यासारखा आहे. तिथल्या मोठ्या सरोवरांवर बास नावाच्या माशासाठी हौशी लोक गळ घेऊन येतात. १९५० च्या कायद्याने गळ-काठ्यांवरचा कर राज्यांच्या मत्स्य विभागांना मिळतो आणि प्रामुख्याने माशांच्या संवर्धनावर खर्च होतो. ज्याला पाण्याचा आनंद हवा, तो पाण्यासाठी पैसे मोजतो. आपल्याकडे गोसीखुर्दवर जलपर्यटन वाढवण्याच्या योजना पुढे सरकत आहेत. शेजारी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, गोठणगावच्या फाटकातून वाघ बघायला माणसं येतात. तीच माणसं पाण्यावरही येतील. त्यांच्या तिकिटातला ठरावीक वाटा बोटुकली, जलपर्णी काढणं आणि काठांच्या राखणीवर खर्च व्हावा. नाव चालवणारा आणि पाणी दाखवणारा स्थानिक ढीवर असावा. पाण्याची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला असणार?

या जलाशयाची पातळी किती ठेवायची, दरवाजे कधी उघडायचे, कालव्याला किती सोडायचं, हे ठरवताना सिंचनाचा विचार होतो, पुराचा होतो, पर्यटनाचाही होऊ लागला आहे. मासळीच्या बाजूने बोलणारं मात्र त्या टेबलाशी कुणी बसत नाही. काठावरच्या मत्स्यव्यवसाय संस्थांच्या प्रतिनिधीला, तिथल्या बायांसह, ती जागा मिळाली पाहिजे, आणि प्रकल्पग्रस्तांचा मासेमारीचा हक्क कायमस्वरूपी लिहून दिला पाहिजे. धरण बांधताना नदीचा सातबारा नव्हता म्हणून ढीवर मोबदल्यातून वगळला गेला. जलाशयाचे कागद आजही तयार होत आहेत. या वेळी त्याचं नाव त्यांत आलंच पाहिजे.