आवाज कुणाचा? सुरतेतले ॲनिमेवेडे आणि त्यांचे वाद

उधना, लिंबायत, डिंडोली. यंत्रमागांवर आणि मिलमध्ये काम शोधत खानदेशातून आलेल्या कुटुंबांची नवी पिढी सुरतेच्या या वस्त्यांत वाढते आहे. घरात अहिराणी किंवा मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी. जपानी कार्टूनमधले नोबिता आणि डोरेमॉन इथल्या मुलांना भेटले ते हिंदीतूनच. त्यामुळे जपानी ॲनिमेवरून इथे रंगणारा सर्वांत जुना वाद आवाजाचा आहे. मूळ जपानी ऐकत खाली सबटायटल्स वाचायची, की सरळ हिंदी डब बघायचा?

१२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ हा ॲनिमे चित्रपट भारतात झळकला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूमध्ये. त्यात मराठी नव्हती आणि गुजरातीही नव्हती. म्हणजे लिंबायतचा मराठी मुलगा हिरिरीने भांडतो, ते घरात न बोलल्या जाणाऱ्या दोन भाषांसाठी! सबवाल्यांचं म्हणणं, जपानी कलाकाराच्या श्वासातला कंपसुद्धा अभिनय असतो, तो डबमध्ये हरवतो. डबवाले विचारतात, नजर तळाच्या अक्षरांवर खिळली तर तलवारीचा वार बघायचा कुणी?

या वादात एक मुद्दा फारसा कुणी मांडत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, हिंदी-मराठीतही तसंच. पात्र एखादं गुपित अडखळत उलगडतं तेव्हा जपानीतला शेवटचा धक्का हिंदीत शेवटीच ठेवता येतो. इंग्रजी सबटायटल मात्र अनेकदा तो आधीच फोडून मोकळं होतं. प्रस्तुत लेखकाच्या मते हिंदी डबची ही खरी ताकद आहे.

भारतातल्या ॲनिमेची पार्श्वभूमी थोडक्यात अशी: २००४ मध्ये ॲनिमॅक्स वाहिनी भारतात आली, मग हंगामा वाहिनीवर डोरेमॉन आणि शिनचॅन स्थिरावले. २०१९ मध्ये जपानी दिग्दर्शक माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात लागावा म्हणून पन्नास हजारांहून अधिक चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या आणि ऑक्टोबरात तो खरोखरच लागला.

पण आवाजाच्या वादाचं खरं सोनं आहे ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ या चित्रपटात. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी दिग्दर्शित केलेली ही भारत-जपानची हातमिळवणी. संगीत वनराज भाटियांचं आणि मूळ आवृत्तीतली संस्कृत गीतं वसंत देव यांची! पुढे हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज मिळाला, रावणाला अमरीश पुरींचा आणि निवेदनाला शत्रुघ्न सिन्हांचा. टीव्हीवर तो पाहत लहानाची मोठी झालेली मुलं तेच आवाज मनात धरून होती. २४ जानेवारी २०२५ ला चित्रपट फोर-केमध्ये पुन्हा थिएटरात आला, तेव्हा हिंदी डबिंग नवं होतं. जुन्या चाहत्यांना ते परकं वाटलं. पण गंमत बघा, नव्या सीतेचा आवाज सोनल कौशल यांचा, म्हणजे वर्षानुवर्षं हिंदी डोरेमॉन बोललेला! एका पिढीचं बालपण हिरावलं म्हणावं, तर दुसऱ्या पिढीचं बालपणच पडद्यावरून बोलत होतं. इथे कोण बरोबर, हे ठरवायला कुठलंही माप नाही.

ॲनिमेशनच्या दर्जावरच्या वादाचं तसं नाही. सुरतेच्या वराछातल्या हिऱ्याच्या कारखान्यात कट, रंग, शुद्धता आणि वजन वेगवेगळं तपासतात. खडा कुणाच्या बोटात शोभेल, हा प्रश्न तिथे येत नाही. जाणते चाहतेही असेच बोलतात. ‘फालतू आहे’ म्हणून विषय संपवण्याऐवजी ते भाग क्रमांक सांगतात, प्रसंग सांगतात, स्टुडिओ कधी बदलला ते सांगतात. सेकंदाच्या २४ चौकटींत एकच चित्र दोन-तीन चौकटी धरून ठेवणं ही ॲनिमेची रुळलेली पद्धत आहे. हे माहीत असलेला माणूस तिला कामचुकारपणा म्हणत नाही. ‘वन पंच मॅन’चं पहिलं पर्व २०१५ मध्ये मॅडहाउस स्टुडिओने केलं, दुसरं २०१९ मध्ये जे. सी. स्टाफने. दोन्हींतल्या मारामाऱ्या शेजारी ठेवल्या की तक्रारीला पुरावा मिळतो.

तोल सुटतो तो तक्रार माणसावर घसरली की. २०२५ मध्ये याच मालिकेच्या तिसऱ्या पर्वावर इतका भडिमार झाला की दिग्दर्शक शिन्पेई नागाई यांनी आपलं एक्स खातं बंद केलं. हा रोग नवा नाही. ‘इव्हँजेलियन’ मालिकेचा १९९६ मधला शेवट न रुचलेल्यांनी धमक्या पाठवल्या, आणि तिचे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी पुढच्या वर्षीच्या चित्रपटात चाहत्यांचे तसले संदेशही क्षणभर पडद्यावर झळकवले. असं वागणाऱ्यांना चाहते म्हणू नये.

‘इन्फिनिटी कॅसल’ ही तीन चित्रपटांची मालिका आहे. उरलेले दोन भाग येतील तेव्हा उधन्यातले मित्र तिकिटं काढण्याआधी पुन्हा भांडतील, हिंदीचा खेळ की जपानीचा. एकदा तरी मराठीचाही पर्याय त्या यादीत असावा, ही मागणी लावून धरायला आत्तापासूनच हरकत नाही. पन्नास हजार सह्यांनी शिंकाई आले होतेच.