मोठी पदवी की योग्य पदवी?



खापर-अक्कलकुवा परिसरातील अनेक आदिवासी घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी आहे. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अशा सरकारी भरतीकडे या मुलामुलींचे डोळे लागलेले असतात. पण निवड यादीत नाव येऊनही कागदपत्रे तपासताना काहींना बाद ठरवले जाते आणि प्रकरण न्यायालयात जाते. अशा खटल्यांत न्यायालयांनी काय ठरवले, हे आधीच ठाऊक असेल तर पुष्कळ मनस्ताप टळतो.

पदवी मोठी, तरी अपात्र

बी.एड. ही डी.एड.पेक्षा वरची पदवी, मग तिच्यावर पहिली ते पाचवीचे शिक्षक का होता येऊ नये, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. ११ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण वेगळे असते आणि ते डी.एल.एड. मध्ये, म्हणजे पूर्वीच्या डी.एड. मध्ये मिळते. त्यामुळे प्राथमिक वर्गांच्या भरतीसाठी बी.एड. चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले.

२०२० च्या एका निकालात तर जास्त शिक्षणच आड आले. बँकेतील शिपाईपदासाठी उमेदवार बारावी उत्तीर्ण हवा, पदवीधर नको, अशी अट होती. ओडिशातील एका उमेदवाराने आपली पदवी लपवून अर्ज केला. सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. खरी माहिती दडवणाऱ्याला नोकरीवर हक्क सांगता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

तारीख महत्त्वाची

अर्जाच्या शेवटच्या दिवशी परीक्षा दिलेली आहे, पण निकाल लागायचा आहे, असे पुष्कळदा होते. १९९७ मध्ये जम्मू-काश्मीरमधील अभियंत्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेलाच पूर्ण हवी. मुलाखतीच्या आधी निकाल लागला, हे पुरेसे नाही. जाहिरातीतच वेगळी तारीख दिली असेल, तर ती धरावी.

टीईटीचा प्रश्न

१ सप्टेंबर २०२५ चा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणावर आहे. पहिली ते आठवीच्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आवश्यक आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, असे या निकालात म्हटले आहे. त्याहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी राहील, पण टीईटीविना बढती मिळणार नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला आहे. आपल्या मिशन शाळांनी त्याकडे लक्ष ठेवावे.

आपण काय करू शकतो?

नंदुरबारच्या उमेदवाराला उच्च न्यायालयात दाद मागायची, तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे जावे लागते. प्रवास, वकील, तारखांमागून तारखा हे सारे रोजंदारीवर जगणाऱ्या घराला झेपत नाही. म्हणून मुलांना पुढील गोष्टी आवर्जून सांगा:

• कॉलेजात नाव घालण्याआधी, हव्या असलेल्या नोकरीची मागील जाहिरात वाचा.
• ‘समकक्ष पात्रता’ असे लिहिले असेल, तर आपली पदवी त्यात बसते का, हे भरती करणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा. एजंटाच्या शब्दावर विसंबू नका.
• गुणपत्रक व प्रमाणपत्रावरील तारखा तपासा. अर्जात काहीही लपवू नका.
• हरकत असेल, तर दिलेल्या मुदतीत लेखी नोंदवा आणि पोच घ्या.

मंडळीतील निवृत्त शिक्षक व कर्मचाऱ्यांनी भरतीच्या काळात एखादी संध्याकाळ अर्ज तपासून देण्यासाठी दिली, तर देणगीइतकीच ती मोलाची ठरेल. नोकरीच्या प्रतीक्षेत असलेल्या या तरुणांना आपल्या प्रार्थनेत जरूर आठवा.